मामाचे हात थरथरत नव्हते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मामीला नाही, आमच्या कामगार संघटनेतल्या कुणाला नाही. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला तर नाहीच नाही. चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी कितीतरी पत्रकं लिहिली — कंपन्यांच्या बसचे फुटके दरवाजे, गेटबाहेरचे बंद दिवे, कंत्राटदारांची लबाडी. नाव घेऊन लिहिलं, घाबरले नाही. रोखठोक पोरगी आहे, असं लोक म्हणतात. ते ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पत्रक लिहायची एक रीत असते. सगळ्यात वर निषेध कुणाचा ते टाकायचं, मग काय घडलं ते, शेवटी मागण्या. आज लिहायला बसले तर वरच्या जागी माझंच नाव येतंय. आणि मागणी एकही सुचत नाही.

सांगते. पण सरळ सांगता येईल का, ठाऊक नाही.

दत्तामामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. परभणीकडून इकडे आला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं एवढंच. आधी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये हेल्पर, मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, मग स्वतःची गाडी. काळेवाडीत दोन खोल्या. अकरावीला त्यानं मला गावाकडून आणलं, त्या दोन खोल्यांत तिसरं माणूस केलं, आणि मला कधी तसं जाणवूही दिलं नाही. त्याची सात सीटर गाडी चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीला कंत्राटदारामार्फत लावलेली होती. पहिल्या शिफ्टच्या बायकांना पहाटे घेऊन जायचं, दुपारी परत आणायचं.

या बायका चारला उठून घरच्यांचे डबे करून निघायच्या. भोसरी ओलांडेपर्यंत सगळ्या झोपलेल्या असायच्या — एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. मामाला त्याचाच अभिमान होता. म्हणायचा, “गाडीत माणसाला झोप लागली पाहिजे. तवा म्हणायचं ड्रायव्हर.” गतिरोधक आला की तो असा काही गाडी चढवायचा-उतरवायचा की एकीचीही मान हलायची नाही. त्या झोपेवर त्याचं सगळं उभं होतं. पगार नाही म्हणत मी — तो सगळा माणूसच.

मला गाडी त्यानंच शिकवली. भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, रस्ते मोकळे असतात. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसायचे. तो म्हणायचा, “आवळू नको, माय. परातीत भाकर फिरवतीस ना, तसं. दाबलीस की फाटती. गाडी हाताला बोलत असती, तिचं ऐकू येऊ दे.”

ऐकू येऊ दे! मला ऐकू आलं होतं हो. सगळं ऐकू आलं होतं.

त्या सुमारास चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कामगारांची एक गाडी उलटली होती. ड्रायव्हरनं सलग दोन ड्युट्या केल्या होत्या. आम्ही पत्रक काढलं — चालकांना विश्रांती द्या, दर सहा महिन्यांनी त्यांची आरोग्य तपासणी करा. मजकूर माझा. त्यातलं एक वाक्य ठळक छापलं होतं: “ज्या चालकाला स्वतःच्या हातांची खात्री नाही, त्याने दुसऱ्याच्या लेकीबाळींना गाडीत बसवू नये!” शेवटचं उद्गारचिन्हसुद्धा मीच घातलेलं.

पत्रकाचे गठ्ठे चाकणला न्यायचे होते. मामाच्या कंपनीला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून गाडी घरीच होती. मी मागितली, त्यानं लगेच किल्ली दिली. गाड्यांच्या स्टँडवरचे त्याचे ड्रायव्हर दोस्त तिथेच उभे होते. एकजण म्हणाला, “दत्ता, पोरीच्या हातात गाडी दिलीस व्हय? येईल तवा चारी चाकं मोजून घे.” सगळे फिदीफिदी हसले. मामा हसला नाही. म्हणाला, “तिला मी शिकवलंय.”

आता ऐका. पत्रकं वाटून झाली होती. मी सर्व्हिस रोडनं परत निघाले होते. मोबाइल वाजला. कुणीतरी आमच्या पत्रकाचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि खाली त्या ठळक वाक्याचं कौतुक चाललं होतं. गाडी चालू होती आणि मी ते वाचत होते. सुरक्षित प्रवासावरच्या माझ्याच वाक्याचं कौतुक, गाडी चालवताना! — आणि पुढचं डावं चाक फुटक्या गटाराच्या सिमेंटच्या काठावर जाऊन आदळलं. असा आवाज आला की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

उतरले. टायर शाबूत. बाहेरून एक ओरखडा नाही. मी खाली बसून चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. रिमचा काठ एका जागी आत दबला होता. पातेलं पडलं की त्याचा काठ दबतो, तसा. बोट फिरवलं की स्पष्ट लागत होता. म्हणजे मला माहीत होतं. नंतर कळलं असं नाही. त्याच मिनिटाला, त्याच बोटाला कळलं.

येताना मोशीच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. काटा पंचाहत्तरच्या पुढे गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. बारीक, एकसारखं. साठवर आणलं की गायब. पुन्हा ऐंशीवर नेलं, पुन्हा तेच. मागच्या सीटवर बसलेल्याला कळणार नाही, शेजारच्याला कदाचित थोडं. चालवणाऱ्याच्या तळव्यांना मात्र चुकणार नाही. गाडीचं मला फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळायला मिस्त्री लागतो का? चाक आपटलं, चाक वाकलं, चाक थरथरतंय. शाळेतल्या पोराला कळेल.

घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं — सांगायचं. मामा दोस्तांबरोबर स्टँडवरच उभा होता. मी उतरले तसा तो त्यांना घेऊन गाडीभोवती फिरला, एकेका चाकावर हात मारत. “मोजा! एक, दोन, तीन... चार हायेत का न्हाई?” एवढा खूश मी त्याला क्वचित पाहिलाय. मग माझ्याकडे वळून विचारलं, “कशी चालली?”

“मस्त,” मी म्हणाले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? पोरीनं गाडी ठोकली आणि लपवली, त्यात काय मोठं. मीही स्वतःला हेच सांगत होते. चाकाचं काय, दोन दिवसांत मिस्त्री शोधून काढेल.

मिस्त्रीनं शोधून काढलं असतं. त्याची चूक नव्हती. बाबू मिस्त्री, काळेवाडीतच गॅरेज, हात लावला की गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. मामानं सांगितलं, पहाटे मोकळ्या रस्त्याला लागलं की स्टिअरिंग थरथरतंय. मिस्त्रीनं पहिलं काय विचारलं? “आपटली का कुठं? खड्डा, दुभाजक, काहीबी?” कारण पंधरा दिवसांपूर्वीच पुढचे दोन्ही टायर नवे टाकले होते, बॅलन्सिंग-अलाइनमेंट सगळं करून. नव्या टायरला, नीट बसवलेल्या चाकाला आपोआप काही होत नाही. आपटलं असेल तरच होतं. आपटलं असेल तर चाक उतरवून बघायचं. नसेल तर दुखणं दुसरीकडे. इतका साधा प्रश्न होता तो. सगळं निदान त्या एका उत्तरावर होतं.

मामा म्हणाला, “माझ्याकडनं तर न्हाई.” आणि सहज माझ्याकडे बघितलं. त्यात संशय नव्हता — ते मला आजही खुपतं. “तुझ्याकडनं झालं होतं का गं काही, त्या दिवशी?”

“नाही.”

खड्ड्यात गेली म्हणाले असते तरी चाललं असतं! इथल्या रस्त्यांना खड्ड्यासाठी कुणी पुरावा मागतं का? अर्धं खोटं बोलले असते तरी तो माणूस वाचला असता. पण मला तेवढंही नको होतं. स्टँडवर ‘मी शिकवलंय’ म्हणणाऱ्याची भाची — तिच्या हातून ओरखडासुद्धा निघता कामा नये. पोरीच्या हातात गाडी दिल्यावर हे व्हायचंच, असं कुणी म्हणता कामा नये. मोठी लढाई लढत होते ना मी!

मिस्त्रीनं चाक तेवढं वगळून सगळं बघितलं. स्टिअरिंगचे सांधे तपासले, एक बदलला. इंजिनाखालचं रबर बघितलं. मग मामाला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली — काळेवाडीतून रहाटणीच्या चौकापर्यंत. त्या गर्दीत गाडी चाळीसच्या वर जाते का कधी? गाडी लोण्यासारखी चालली. परत आल्यावर मिस्त्री हात पुसत म्हणाला, “गाडी एक नंबर हाय, दत्ताभाऊ. तुमचेच हात थरथरत असतील. चहा कमी करा राव.”

गॅरेजमधले सगळे हसले. मामाही हसला. मग हसता हसता थांबला आणि आपल्या हातांकडे बघायला लागला.

तुम्हाला माझ्या आजोबांचं, म्हणजे मामाच्या वडिलांचं, सांगायला हवं. आबांना कंपवात होता. मी लहान होते, मला आठवतात ते खाटेवरचे आबा — हातात भाकरीचा तुकडा आणि तो तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडलेला. आबांची दाढी मामा करायचा. त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातून चालायची नाही. आबांचं सुरू झालं ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मिस्त्रीनं थट्टा केली तेव्हा मामा सत्तेचाळीसचा होता. हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. मला होतं.

दुसऱ्या दिवसापासून मामा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागला. सकाळी उजेड आला की दाराशी उभा राहायचा, दोन्ही हात पुढे ताठ करायचा आणि त्यांवर एक कागद ठेवून बघत राहायचा — कडा हलते का. घरात कागद कुठले असणार? माझीच पत्रकं. आणि कागद तर कुणाच्याही हातावर हलतोच! तुम्ही धरून बघा. कुणाच्याही हातावर त्याची कडा हलते. मामी विचारायची, काय चाललंय तुमचं? तो म्हणायचा, काही नाही, वाचतोय.

आता जे सांगायचंय ते सांगते. आतापर्यंत जे सांगितलं ते आजूबाजूचं होतं.

एका रविवारी सकाळी मामा म्हणाला, “चल, मोशीच्या पुढं जाऊन येऊ. तू चालव.” मी किल्ली घेतली. इंद्रायणीचा पूल ओलांडला. रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाला, “जाऊ दे ऐंशीवर.” मी पाय दाबला. मग त्यानं विचारलं, समोर बघतच विचारलं, “खरं सांग मला. स्टिअरिंग थरथरायलंय, का माझे हात थरथरायलेत?”

स्टिअरिंग थरथरत होतं. माझ्या तळव्यांना मुंग्या येत होत्या इतकं. माझी बोटं त्याला दिसतील म्हणून मी स्टिअरिंग आवळलं. जसं आवळू नको म्हणून त्यानं शिकवलं होतं, तसंच आवळलं — नखं पांढरी पडेपर्यंत. आणि मी म्हणाले,

“मला काहीच जाणवत नाहीये, मामा.”

का? विचारा. मी स्वतःला रोज विचारते. ‘थरथरतंय’ म्हणाले असते तर गाडी पुन्हा मिस्त्रीकडे गेली असती, मिस्त्रीनं पुन्हा तेच विचारलं असतं, आणि माझं एका शब्दाचं ‘नाही’ उघडं पडलं असतं. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. वळव गाडी.”

पुढचं लवकर घडलं. पहाटे तो साठच्या वर गाडी न्यायचाच बंद झाला. साठला थरथर नसायची. त्याला वाटलं, हळू चालवलं की हात ताब्यात राहतात. कंपनीत बायका रोज उशिरा पोचायला लागल्या. त्यांना बोलणी बसायची, तरी त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही — दत्ताभाऊंची गाडी होती ना. त्यांचं न बोलणंच त्याला सहन होईना. एक दिवस स्वतःच कंत्राटदाराकडे जाऊन गाडी काढून घेतली. घरी आला, खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि ते ठळक वाक्य मला वाचून दाखवलं. एकेक अक्षर लावत. मग म्हणाला, “बरोबर लिहिलंयस तू. मलाच उशिरा कळलं. सहाजणी झोपलेल्या असत्यात गं मागं.”

मामी गॅसपाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. मी काय केलं? मान खाली घातली. तिला वाटलं, मलाही रडू आलंय.

डॉक्टरकडे तो गेला नाही. “एकदा दुखण्याचं नाव पडलं की पडलं,” म्हणायचा. दर सहा महिन्यांनी तपासणी झालीच पाहिजे म्हणून गेटवर घसा फोडणारी मी — त्याला एकदाही ‘चल, दाखवून येऊ’ म्हणाले नाही. डॉक्टरनं ‘हात ठणठणीत आहेत’ म्हटलं असतं तर? मग थरथरत होतं काय?

गाडी तळेगावच्या एकानं घेतली. व्यवहारात माझा नंबर दिलेला होता. महिन्याभरानं त्याचा फोन आला. चांगला माणूस, हसत बोलत होता. “ताई, मामांना सांगा, डाव्या पुढच्या चाकाची रिम आतून वाकलेली होती. रिम बदलली, आता गाडी पाण्यासारखी चालतेय. एवढ्यासाठी विकली का हो त्यांनी?” मी म्हणाले, सांगते. तेव्हा मामाला घरी बसून महिनाच झाला होता. हात तेच होते, परवाना तोच होता, त्या बायका दुसऱ्या गाडीतून अजून जातच होत्या. सगळं परत मिळण्यासारखं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण रिमचं सांगितलं असतं तर त्या रविवारचंही सांगावं लागलं असतं, आणि थरथरत्या स्टिअरिंगवर हात ठेवून ‘मला काहीच जाणवत नाही’ म्हणणारी भाची त्याला दाखवावी लागली असती. मी फोन ठेवला. मामानं विचारलं, कुणाचा होता? म्हटलं, संघटनेचा.

भीती वाटली म्हणून एकदा खोटं बोललेल्या माणसाला लोक समजून घेतात. हे तसं नाही. मला प्रत्येक वेळी विचार करायला वेळ मिळाला होता.

आता मामा मारुंजीच्या एका सोसायटीच्या गेटवर असतो. आयटीवाल्यांच्या गाड्या येतात-जातात, तो वहीत नंबर लिहितो, गेट उघडतो. त्याचं अक्षर सुधारलंय. मामीच्या सुईत दोरा तोच ओवून देतो. त्याला वाटतं, वेळेवर गाडी सोडली म्हणून देवानं हात राखले. स्टँडवरच्या दोस्तांनाही तो हेच सांगतो, आणि पुढे माझं नाव घेतो — भाचीनं डोळे उघडले म्हणतो. असं तो म्हणतो तेव्हा मी तिथे असले तर हसते. होय, हसते.

गेल्या महिन्यात मी त्याचा डबा घेऊन गेले होते. एक मॅडम नवी गाडी खांबाच्या आणि भिंतीच्या मधे लावायला बघत होत्या. नुकत्याच शिकलेल्या असाव्यात. पुढे-मागे, पुढे-मागे — घामाघूम झाल्या. शेवटी काच खाली करून म्हणाल्या, “काका, तुम्हीच लावून द्या ना, प्लीज. तुम्हाला येते ना गाडी?” आणि उतरून किल्ली त्याच्यापुढे धरली.

मामानं किल्लीकडे बघितलं. क्षणभर — मी शपथेवर सांगते — त्याची बोटं उघडली. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

“यायची, मॅडम,” तो म्हणाला. “आता हाताचा भरवसा न्हाई राहिला. तुमीच बसा. मी दाखवतो, भिऊ नका.”

त्या परत बसल्या. तो मागे जाऊन उभा राहिला आणि हात वर करून दाखवायला लागला — डावीकडे, अजून थोडं, सरळ करा, येऊ द्या, येऊ द्या. गाडी एका दमात जागेवर बसली. ‘बस’ म्हणून त्यानं हवेत पंजा धरला, आणि मॅडमनी इंजिन बंद करेपर्यंत तसाच धरून ठेवला. मी तीन पावलांवर होते. तो पंजा तसूभरही हलत नव्हता.

मी डबा त्याच्या खुर्चीवर ठेवला आणि निघाले.